संकटातली चमकोगिरी: आपल्या नेत्याला आणि विरोधकाला एकच माप कसं लावायचं?

धागाकर्ता: मीमांसक

पूर येवो, भूकंप होवो की निर्वासितांचे लोंढे येवोत, दोन दिवसांत नेते तिथे पोचतात आणि त्यांच्यासोबत कॅमेरे. आपल्या पक्षाचा असेल तर "धावून गेला", समोरचा असेल तर "फोटो काढायला गेला". गेलाच नाही तर दोन्ही बाजू वाक्यांची अदलाबदल करतात. यात भरडला जातो तो ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो माणूस.

भेट, मदतीची घोषणा आणि व्हायरल फोटो या तीन गोष्टी पक्ष न बघता तपासायच्या तर नेमकं काय पाहायचं? "सगळे सारखेच" हे उत्तर कृपया नको. सगळे सारखे नसतात, म्हणून तर विचारतोय.

काटेकोर

भेटीपासून सुरुवात करतो. यासाठी एकाच राज्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

कतरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याला धडकलं. ३१ तारखेला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी विमानातूनच तिथलं न्यू ऑर्लिन्स शहर पाहिलं. खिडकीतून खाली बघतानाचा तो फोटो त्यांना आयुष्यभर चिकटला. खाली न उतरण्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं: उतरलो असतो तर पोलीस बचावकार्य सोडून माझ्या बंदोबस्ताला लागले असते.

ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच राज्यात बॅटन रूजच्या परिसरात मोठा पूर आला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा सुट्टीवर होते, गोल्फ खेळत होते. तेव्हा फक्त उमेदवार असलेले ट्रम्प १९ तारखेला जाऊन आले, ओबामा २३ ला गेले. मधल्या काळात राज्यपाल एडवर्ड्स यांनीच सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी आठवडा-दोन आठवडे थांबून यावं, कारण रस्ते बंद करावे लागतात आणि स्थानिक पोलीस त्यातच अडकतात.

कारण तेच, पण २००५ मध्ये ज्यांनी ते उडवून लावलं त्यांतल्या अनेकांना २०१६ मध्ये ते पटलं आणि २००५ मध्ये पटलेल्यांना २०१६ मध्ये ते निमित्त वाटलं. दुटप्पीपणा म्हणतात तो हाच.

प्रामाणिक तुलना करायची तर फरकही मांडावे लागतात. कतरिनात केंद्राची मदतच उशिरा पोचत होती, म्हणून "विमानातून पाहिलं" हा राग मुळात त्या उशिराचा होता. २०१६ मध्ये थांबायची सूचना खुद्द राज्यपालांची होती, पण ते ओबामांच्याच पक्षाचे, हेही लक्षात घ्यावं.

म्हणून भेटीबद्दल मी चार गोष्टी विचारतो. शोध-बचाव संपला होता का? स्थानिक यंत्रणेने बोलावलं होतं की थांबायला सांगितलं होतं? बंदोबस्तात किती माणसं, किती तास गेली? आणि भेटीनंतर कोणता आदेश निघाला, कोणत्या तारखेला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी सापडतं, म्हणून सर्वांत जास्त वजन त्याला.

हवाई हद्दीचा मुद्दा सहसा सुटतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात साधारण ३० सागरी मैल त्रिज्येत उड्डाणांवर निर्बंध येतात आणि आतल्या १० मैलांत ते फार कडक असतात. जिथे हेलिकॉप्टरने माणसं उचलावी लागताहेत, तिथे या निर्बंधांमुळे केवढा फरक पडतो याचा विचार करा.

ताळेबंद

घोषणांबद्दल. "इतके कोटी दिले" या वाक्यातलं क्रियापद आधी तपासा. जाहीर केले, मंजूर केले, की वर्ग केले? या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि बातमीचा मथळा बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच छापला जातो. आंतरराष्ट्रीय मदतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ओसीएचए या मदत-समन्वय कार्यालयाची फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिस आहे. तिथे आश्वासन, बांधिलकी आणि प्रत्यक्ष अदा रक्कम अशा वेगळ्या नोंदी दिसतात. देश, वर्ष आणि आपत्ती निवडून कोणालाही पाहता येतं.

आकडा फुगतो कसा, तर
- जुन्याच योजनेचे पैसे नव्या नावाने मोजले जातात,
- कर्ज आणि अनुदान एकत्र धरलं जातं,
- अनेक वर्षांची रक्कम एका दिवसाच्या बातमीत येते.

४ फेब्रुवारी २०१६ ला लंडनच्या सीरिया परिषदेत जाहीर झालेल्या १२ अब्ज डॉलरपैकी साधारण निम्मेच त्या वर्षासाठी होते, उरलेले २०१७ ते २०२० साठी. ही लबाडी नव्हती, कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मथळ्यात मात्र १२ अब्जच आले.

दुटप्पीपणा पकडायचा तर मतदानाच्या नोंदी पाहा. अमेरिकेत सँडी वादळानंतर जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ५० अब्ज डॉलरचं मदत विधेयक आलं, तेव्हा टेक्ससच्या दोन्ही सिनेटरांनी विरोधात मत दिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळ टेक्ससवर आलं आणि त्याच राज्याला केंद्राची मदत हवी झाली. त्या दोघांपैकी टेड क्रूझ यांचं म्हणणं, सँडीच्या विधेयकात वादळाशी संबंध नसलेला खर्च घुसडला होता. ही सबब तपासता येण्यासारखी होती. पत्रकारांनी कलमं वाचली आणि बहुतेक खर्च सँडीशीच निगडित निघाला. माणसाच्या हेतूवर वाद घालण्यापेक्षा कलम उघडून बघणं केव्हाही बरं.

पडताळा

फोटोंचं मी लिहितो. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीमेवरच्या केंद्रात जाळीच्या पिंजऱ्यात झोपलेल्या मुलांचे फोटो "ट्रम्प यांनी काय केलंय बघा" म्हणून फिरले, ओबामांच्या माजी सहकाऱ्यांनीही पुढे पाठवले. फोटो होते २०१४ चे, ॲरिझोनातल्या नोगालेस इथले, ओबामांच्याच काळातले. मग दुसरी बाजू म्हणू लागली, "बघा, दोघं सारखेच." तेही चूक. २०१४ ची ती मुलं एकटीच सीमा ओलांडून आलेली होती. २०१८ च्या धोरणात आई-वडिलांवर खटले भरून मुलांना त्यांच्यापासून वेगळं केलं जात होतं. जाळी तीच असली तरी निर्णय वेगळे होते.

तपासताना फोटो टिनआय किंवा गूगल लेन्स या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाका. टिनआयमध्ये सर्वांत जुना निकाल आधी लावता येतो, तिथे मूळ तारीख सापडण्याची शक्यता जास्त. काहीच आलं नाही तर फोटो आडवा उलटवून आणि कडा कापून पुन्हा शोधा. फसवणारे नेमकं हेच करतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती सहसा उरत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. आणि हे सगळं आपल्याला आवडलेल्या फोटोवर आधी करा. नावडता फोटो आपण तसाही तपासतोच.

मीमांसक

उपयोगी आहे. पण काटेकोर, एक शंका. कॅमेरा गेलाच नाही तर मदतही येत नाही, असं नाही का?

काटेकोर

तसंच आहे, आणि अभ्यासही झालाय. आयझेन्से आणि स्ट्रोमबर्ग या अभ्यासकांनी १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५,००० आपत्ती तपासल्या. ऑलिंपिकसारख्या मोठ्या बातम्यांच्या काळात आलेल्या आपत्तीला अमेरिकेची मदत मिळण्याची शक्यता कमी होती. म्हणजे प्रसिद्धी मुळात वाईट नाही. प्रसिद्धी कोणाची, पूरग्रस्तांची की नेत्याची, एवढं पाहायचं.

दोष आपल्याकडेही येतो. हीली आणि मल्होत्रा यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की आपत्तीनंतर वाटलेल्या पैशाला मतदार मतं देतात, आधीच्या तयारीवरच्या खर्चाला देत नाहीत; तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो, तरीही. ऑगस्ट २००२ च्या एल्ब नदीच्या पुरानंतर जर्मनीत तेव्हाचे चॅन्सेलर श्रोडर यांच्या पक्षाला पूरग्रस्त भागात सुमारे ७ टक्के-अंकांचा फायदा झाला, तो मदतीमुळे. बांध वेळेवर उंच केला तर फोटो काढण्यासारखं काही घडतच नाही.

सरळसोट

स्टिकरचा मुद्दा राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरात मदतीच्या पाकिटांवर जयललितांचे फोटो, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात धान्याच्या पिशव्यांवर फडणवीसांचे, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सरकारी मदतीच्या चेकवर ट्रम्प यांचं नाव. तीन वेगळे पक्ष. यातल्या एकावर चिडून दुसऱ्यावर गप्प बसणारा माणूस मला पटत नाही.

रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत तिसरं कलमच आहे: मदत राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी वापरायची नाही. दहावं कलम पीडितांना लाचार वस्तू म्हणून न दाखवता सन्मानाने दाखवायला सांगतं. ही संहिता नेत्यांना बंधनकारक नाही, पण माप म्हणून तीच घ्या.

स्टिकर लावायचा म्हणजे प्रत्येक पिशवी आणखी एकदा हाताळायची. हजारो पिशव्यांचं ते काम, आणि तेही लोक गच्चीवर बसून वाट पाहत असताना. पिशवीवर लिहायचंच असेल तर आत काय आहे, किती किलो आहे, कधीपर्यंत टिकेल आणि तक्रारीसाठी कुठे फोन करायचा हे लिहा.