उधारीवर मिळणारे वेप
वेप म्हणजे ई-सिगारेट ओढणारी मुले चोऱ्या करू लागतात, असे म्हटले जाते. हे मत मला अर्धेच पटते, कारण त्यात माल पुरवणारा सुटून जातो. आमच्या नववीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत हायलायटरसारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची नळी सापडली. दहावीतल्या मुलाने ती उधारीवर दिली होती आणि ती उधारी फेडण्यासाठीच या नववीतल्या मुलाने आईच्या पर्समधून पैसे उचलले होते. २०१९च्या केंद्रीय कायद्यानुसार ई-सिगारेट विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नुसते ओढण्यासाठी त्यात शिक्षा नाही. आम्ही पालकांना बोलावून पोराला समज दिली, पण माल कुठून आला याचा छडा लावला नाही, याची मला शिक्षक म्हणून आजही खंत वाटते.