उत्तर: थंडीत द्राक्षबागेला पाणी

'पारा उतरला की बागेला पाणी देणं म्हणजे गारठ्यात भर' हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. निफाडकडे आमच्या मामांची बाग आहे. कडाक्याच्या थंडीत पहाटे चार वाजता मोटर चालू करायला मीही गेलोय. विहिरीचं पाणी हाताला चक्क कोमट लागतं, आणि विहिरीवर 'वाफ' दिसते. (ती वाफ नव्हेच. वाफ दिसत नसते, दिसतात ते पुन्हा द्रव झालेले बारीक थेंब.) समजा ते पाणी २० अंशांचं आहे. शून्यापर्यंत गार होताना त्याचा एक ग्रॅम २० कॅलरी सोडतो, पण तोच ग्रॅम नुसता गोठला तर आणखी ८०! तापमान शून्यावरच थांबलेलं, तरी उष्णता बाहेर पडतेच. म्हणून अगदी शून्याखालच्या रात्रीही तुषारांनी सतत भिजणारी वेलीची काडी शून्याच्या आसपास टिकते.

आता वरचं ते म्हणणं कुठे बरोबर ठरतं, तर वारा सुटल्यावर. एक ग्रॅम पाणी उडून जाताना जवळजवळ ६०० कॅलरी ओढून नेतं, म्हणजे गोठताना मिळाल्या त्याच्या साडेसातपट. वाऱ्यात तुषार मारले, किंवा अर्ध्या रात्री वीज जाऊन पंप बंद पडला, तर ओली पानं कोरड्यापेक्षा जास्त गारठतात. मामा म्हणूनच तुषारांच्या भानगडीत पडत नाहीत. ठिबक सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात, आणि लाईटच्या वेळापत्रकाला शिव्या घालतात.