मदत हवी आहे: लांबलेल्या प्रसूतीनंतर सोबतिणीचा थकवा कसा उतरवावा?

शाहूपुरी_सोबत:
नमस्कार. कोल्हापुरात आम्ही तिघीजणी डुला म्हणून काम करतो. कंबर दाबणं, कूस बदलायला मदत, धीर देणं एवढंच. तपासणी आमच्याकडे नाही. पहिलटकरणीच्या कळा लांबल्या की दिवस-रात्र उभ्यानं जाते. घरी आल्यावर अंग मोडून येतं, पण डोळा लागत नाही. अंगठे आणि कंबर धरते. दिवसा किती झोपावं? रात्री काय खावं? आणि कागल-इचलकरंजीकडून पहाटे दुचाकीवर यावं का?

पंचगंगाकाठ:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: येऊ नका. सलग 17 तास जागं राहिलं की हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 100 मिलीला 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा ढासळतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 30 आहे. त्यात पहाटे 3 ते 5 ही झोपेच्या ओढीची वेळ आणि हायवेवर ट्रक.
घरच्यांना बोलवा, नाहीतर एसटी किंवा रिक्षा. ते भाडं फीमध्ये आधीच धरा, मागून मागायला संकोच वाटतो. गाडी घ्यावीच लागली तर चहा-कॉफी पिऊन लगेच 20 मिनिटांचा गजर लावून आडवं व्हा. कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पंधरा मिनिटं चाला, मग किल्ली. एवढ्यानं थोडाच वेळ निभावतो, झोपेची भरपाई होत नाही.

लेबररूम_नाईट:
थकवा बहुतेक वेळा फार लवकर पोचल्यानं येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत जोराच्या कळांचा टप्पा गर्भाशयाचं तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यापासून धरलाय, आणि तिथून पुढेही पहिलटकरणीला 12 तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीच्या कळा कितीही लांबतात. दवाखान्यानं घरी थांबायला सांगितलं असेल तोवर फोनवर सोबत करा आणि स्वतः झोपून घ्या. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र तिला लगेच दवाखान्यात पाठवा.
तिघी आहात तर 12 तासांना बदली ठेवा. दुसरीची ओळख आठव्या महिन्यातच करून द्या, नाहीतर ऐन कळांत नवा चेहरा नकोसा होतो. बऱ्याच दवाखान्यांत एकीलाच आत सोडतात, म्हणून बदलीची परवानगी आधी काढा. बदलताना चार गोष्टी सांगा: कोणत्या स्थितीत तिला बरं वाटतं, काय नको म्हणते, शेवटची लघवी केव्हा, शेवटचं खाणं-पिणं केव्हा.

राजारामपुरी_फिजिओ:
अंगठे धरतात म्हणजे तुम्ही अंगठ्यानं दाबताय. तळहाताची टाच माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीवर टेकवा, कोपर जवळजवळ सरळ, एक पाय पुढे एक मागे, आणि मागच्या पायावरून शरीराचं वजन हातावर झुकवा. कळ ओसरली की वजन काढायचं. हात नुसता ठेवला तरी चालतो. कॉटची उंची कमी असेल तर वाकू नका, घडी केलेल्या सतरंजीवर गुडघे टेका. घरी आल्यावर पाय भिंतीला लावून दहा मिनिटं पडा.
खाणं दर तीन-चार तासांनी थोडंथोडं: दशमी, उकडलेलं अंडं, केळं, बाटलीत नाचणीचं आंबील. भडंग आणि कांदा-लसूण चटणी डब्यात नको. तहान वाढते, शिवाय लसणाच्या वासानं कळा देणाऱ्या बाईला मळमळतं. सकाळी सुटल्यावर मिसळही टाळा. रिकाम्या पोटी तो कट घेऊन आडवं झालं की आंबट वर येतं. मऊ भात-वरण किंवा दूध-भाकरी खा.

शाहूपुरी_सोबत:
आणि झोप? लगेच दुसरीच्या कळा आल्या तर?

लेबररूम_नाईट:
सकाळी 7 ला घरी पोचलात तर येताना काळा चष्मा, खोलीत जाड पडदा, फोन घरातल्या एकाकडे. उत्तेजना उतरायला वेळ लागतो, म्हणून कोमट पाण्यानं अंघोळ करा आणि जे घडलं ते पानभर लिहून वही मिटा. 11-12 ला उठाच, दिवसभर झोपलात तर रात्र परत हातची जाते. चहा दुपारी 1 नंतर नको, रात्री 9 ला अंथरूण.
दुसरी प्रसूती दोन पूर्ण रात्री झोपल्याशिवाय घेऊ नका. दिवसाची झोप त्यात धरायची नाही. बाळंतपण 37 ते 42 आठवड्यांत केव्हाही होतं, तेव्हा तारखा जवळ असलेल्या दोघींना एकीनंच शब्द देऊ नये. मधेच कळा आल्या तर बदलीवालीनं जायचं.

राजारामपुरी_फिजिओ:
एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विश्रांतीनंतरही थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. अवघड प्रसूती डोळ्यांसमोरून जात नसेल, झोपेत दचकायला होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.