मदत हवी आहे: तुलूजचे आणि अंकाराचे टेक्टोसाजेस एकाच मुळाचे का?

केल्टिक टोळ्यांच्या स्थलांतरांवर मराठीत लेख लिहिते आहे आणि टेक्टोसाजेस या टोळीपाशी अडले आहे. हे नाव तीन ठिकाणी सापडतं: दक्षिण फ्रान्समधलं तुलूज, रोमन सेनानी सीझरने सांगितलेलं ऱ्हाइन नदीपलीकडचं, मध्य युरोपातलं हर्सिनियन अरण्य, आणि थेट तुर्कस्तानातलं अंकारा.

अंकाराचा भाग बऱ्यापैकी स्पष्ट आहे. इ.स.पू. २७९ मध्ये केल्टिक टोळ्यांचा नेता ब्रेन्नस ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानावर चालून गेला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की लिओनोरियस आणि लुटेरियस हे दोन म्होरके त्याआधीच आपली माणसं घेऊन वेगळे झाले होते. बिथिनियाचा राजा निकोमेडिस याने भावाविरुद्धच्या लढाईसाठी त्यांनाच आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात उतरवलं. त्यांच्यातलेच टेक्टोसाजेस पुढे अंकाराभोवती वसले.

घोळ तुलूजचा आहे. रोमन सेनानी कॅपिओने इ.स.पू. १०६ मध्ये तिथून लुटलेलं सोनं डेल्फीचंच, म्हणजे टेक्टोसाजेसनी त्या स्वारीतून आणलेलं, अशी कथा आहे. पण डेल्फीचा खजिना शेजारच्या फोकियन ग्रीकांनी आधीच रिकामा केला होता, हा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलेला आक्षेप मला पटतो. त्यामुळे सोन्याचा पुरावा मी धरत नाही. नुसतं नामसाम्यही पुरेसं वाटत नाही.

सीझर, स्ट्रॅबो, लिव्ही यांची इंग्रजी भाषांतरं वाचून झाली आहेत. फ्रेंच, जर्मन येत नाही, त्यामुळे इंग्रजीतलं, शक्यतो मोफत वाचता येईल असं सुचवा. लेखासोबत नकाशा द्यायचा आहे, म्हणून बाणाची दिशा महत्त्वाची.

नाणी, कपड्यांना लावायच्या धातूच्या पिना किंवा दफनपद्धती यांतून या तिन्ही ठिकाणांचा थेट संबंध कुणी दाखवला आहे का? आणि तुलूजची वस्ती मध्य युरोपातून आली, की तिथूनच लोक पूर्वेकडे गेले?