मूनबीमचा झोत अंगावर सरकवला, तर तो ‘प्रवेश’ धरायचा का?

प्रश्न

आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरतो. गेल्या सत्रात मूनबीम या मंत्रावरून आमचा खेळ बराच वेळ अडून राहिला. डीएम, म्हणजे खेळ चालवून नियमांचा निवाडा करणारा, मी असल्यामुळे निर्णय मलाच द्यावा लागला, पण तो बरोबर होता की नाही याविषयी मला अजून शंका आहे, म्हणून प्रसंग नीट सांगून आपली मते विचारत आहे.

ड्रुइडने आदल्या राउंडमध्ये (प्रत्येकाची एकेक पाळी, म्हणजे टर्न, होते ती फेरी) मूनबीम टाकला होता. ५ फूट त्रिज्येचा आणि ४० फूट उंचीचा तो झोत एका ओगरवर, म्हणजे धिप्पाड राक्षसावर, पडत होता. तो ओगर मेल्यावर तिने आपली अ‍ॅक्शन वापरून झोत २० फूट सरकवला आणि दुसऱ्या ओगरवर नेऊन ठेवला. या दुसऱ्या ओगरचे १७ हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) शिल्लक होते आणि त्याच्या पुढ्यात आमचा विझार्ड ७ हिट पॉइंटांवर उभा होता. मंत्राच्या मजकुराप्रमाणे, एखादा जीव एका टर्नमध्ये पहिल्यांदा त्या क्षेत्रात प्रवेश करतो तेव्हा, किंवा त्याचा टर्न त्या क्षेत्रात सुरू होतो तेव्हा, त्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (परिणाम टाळण्यासाठी फासा टाकून द्यायची कसोटी) करावा लागतो. सेव्ह चुकला तर दहा बाजूंच्या २ फाशांइतके डॅमेज बसते आणि साधला तर त्याच्या निम्मे.

ड्रुइडच्या खेळाडूचे म्हणणे असे, की झोत अंगावर आला म्हणजे ओगर झोतात आलाच, तेव्हा एक सेव्ह आत्ता घ्यावा आणि दुसरा त्याचा टर्न सुरू होताना. मी म्हटले, की ओगर जागचा हललेला नाही, त्यामुळे त्याने प्रवेश केला असे धरता येणार नाही. ओगरचा टर्न आला, त्याचा सेव्ह चुकला, १२ डॅमेज बसले आणि उरलेल्या ५ हिट पॉइंटांच्या बळावर त्याने सोटा हाणून विझार्डला शून्यावर आणले.

खेळाडूची तक्रार मला मुळीच अवाजवी वाटत नाही, कारण दोन सत्रांपूर्वी आमचा क्लेरिक स्पिरिट गार्डियन्स (ज्याचे क्षेत्र टाकणाऱ्याबरोबर सरकते असा मंत्र) लावून शत्रूंच्या घोळक्यात चालत गेला, तेव्हा मी प्रत्येक शत्रूला तिथल्या तिथे सेव्ह करायला लावला होता. त्या मंत्रातही ‘टर्नमध्ये पहिल्यांदा प्रवेश करतो’ हीच शब्दयोजना आहे. माझे दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, हे मला कळते. चुकलो नेमका कुठे?

उत्तर १

आपला ओगरविषयीचा निर्णय बरोबर होता आणि क्लेरिकविषयीचा चुकला, असे माझे मत आहे. त्याचे कारण मजकुरातच सापडते.

आपण टेबलावर नियम मराठीत समजावून सांगत असाल, तर बहुधा ‘आत आला की सेव्ह’ असे सांगत असणार. मीही बरीच वर्षे तसेच सांगत होतो, आणि गोंधळाचे मूळ या ‘आला’मध्ये आहे, हे मला उशिरा उमगले. मराठीत पाऊस सुरू झाल्यावर आपण ‘पावसात सापडलो’ म्हणतो, ‘पावसात शिरलो’ म्हणत नाही. शिरण्यासाठी आपल्याला बाहेरून आत जावे लागते. सापडण्यासाठी जागचे हलायचीही गरज नसते. मूनबीमच्या मजकुरातले क्रियापद ‘शिरणे’ या अर्थाचे आहे. आपला ओगर झोतात सापडला, शिरला नाही.

हा केवळ शब्दाचा कीस काढणे नव्हे, हे पटवायचे असेल तर त्याच पुस्तकातले दुसरे मंत्र शेजारी ठेवून वाचावेत. फ्लेमिंग स्फिअरमध्ये आगीचा गोळा एखाद्या जीवावर नेऊन आदळवला तर त्या जीवाने सेव्ह करायचा, असे स्वतंत्र वाक्य लिहिलेले आहे. वॉल ऑफ फायरमध्ये भिंत उभी राहते त्या क्षणी तिच्या जागेत असलेल्यांनी सेव्ह करायचा, हेही वेगळे सांगितले आहे, आणि नंतर प्रवेश करणाऱ्यांचा नियम निराळा दिला आहे. मंत्राचा परिणाम जीवाकडे चालून येतो तेव्हाही डॅमेज द्यायचे, असे जिथे लेखकांच्या मनात होते, तिथे त्यांनी ते शब्दांत मांडले; मूनबीममध्ये आणि स्पिरिट गार्डियन्समध्ये असे वाक्य नाही. एका मंत्राचा अर्थ लावताना मी नेहमी असा भाऊबंद मंत्र शोधतो, कारण एकट्या वाक्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी शंका फिटत नाही.

सेज अ‍ॅडव्हाइसच्या अधिकृत प्रश्नोत्तर-संकलनात मूनबीमविषयी नेमका हाच प्रश्न आहे, आणि उत्तरही स्पष्ट आहे: मंत्र टाकताना लगेच डॅमेज नाही, झोत अंगावर सरकवल्यावरही लगेच नाही.

उत्तर २

निष्कर्ष मला मान्य आहे, मात्र ‘शिरणे’ या शब्दातून एक चुकीची समजूत होऊ शकते, ती वेळीच दूर केलेली बरी. शिरणारा आपण होऊन शिरतो, असा ध्वनी त्या शब्दात आहे, आणि तो धरून चालल्यास पुढच्याच लढाईत नवा वाद उभा राहील.

समजा, तोच ओगर झोताच्या कडेला उभा आहे आणि आपल्या विझार्डने थंडरवेव्ह टाकून त्याला १० फूट मागे, म्हणजे सरळ झोतात, ढकलले. ओगरची इच्छा नव्हती, पाऊलही त्याने उचललेले नाही. तरीही हा प्रवेशच ठरतो आणि सेव्ह त्याच क्षणी घ्यावा लागतो. सेज अ‍ॅडव्हाइसमध्ये हेही सांगितले आहे, की प्रवेश स्वेच्छेने झाला पाहिजे अशी अट नाही. म्हणजे पाहायचे ते जीवाच्या मनात काय होते हे नव्हे, तर जीव आणि क्षेत्र या दोहोंपैकी हलले कोण, एवढेच. जीव हलून आत गेला, तर प्रवेश. मग तो चालत जावो, घसरत जावो, नाहीतर कोणी उचलून फेकलेला असो. क्षेत्र हलून जीवावर आले, तर प्रवेश नाही.

इच्छेचा विचार जिथे करायचा, तिथे नियमांत तसे लिहिलेले असते. बूमिंग ब्लेड या मंत्राचे दुसरे डॅमेज लक्ष्याने स्वेच्छेने हालचाल केली तरच बसते, आणि तो शब्द मजकुरात आहे. अपॉर्च्युनिटी अटॅकच्या नियमातही, आपली हालचाल, अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन न वापरता कोणी तुम्हाला दुसरीकडे हलवले तर तो (जवळून निघून जाणाऱ्यावर होणारा) हल्ला होत नाही, असे सांगितले आहे. मूनबीममध्ये असे काहीच नाही, म्हणून आपणही आपल्या पदरची अट त्यात घालू नये.

आता ‘टर्नमध्ये पहिल्यांदा’ या शब्दांकडे वळतो, कारण माझ्या अनुभवात प्रवेशाच्या खालोखाल वाद यावरूनच होतात. ती मर्यादा राउंडची नाही, टर्नची आहे. विझार्डने आपल्या टर्नमध्ये ओगरला झोतात ढकलले, तर एक सेव्ह. ओगरचा टर्न झोतातच सुरू झाला, तर दुसरा. तो बाहेर पडला आणि फायटरने आपल्या टर्नमध्ये त्याला पुन्हा आत लोटले, तर तिसरा. हे सगळे एका राउंडमध्ये घडू शकते आणि नियमाला धरून आहे, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी आपला टर्न आणि आपली साधने त्यासाठी खर्च केलेली असतात. आपल्या ड्रुइडच्या खेळाडूला जास्त डॅमेज हवे असेल, तर तिला हा मार्ग जरूर दाखवावा. झोत एका जागी रोवायचा आणि शत्रूंना त्यात ढकलायला सोबत्यांची मदत घ्यायची, हे खेळायला फार सुंदर लागते.

उत्तर ३

वरची दोन्ही उत्तरे २०१४ च्या पुस्तकाला धरून बरोबर आहेत. तथापि आपल्या खेळाडूने २०२४ चे सुधारित पुस्तक वाचलेले असण्याची शक्यता मला दाट वाटते, कारण त्यात मूनबीम बदललेला आहे. नव्या मजकुरात झोत प्रकट होतो तेव्हा त्यातल्या जीवांनी सेव्ह करायचा असतो, झोत जीवाच्या जागेत सरकतो तेव्हाही करायचा असतो, आणि जीव स्वतः आत जातो किंवा आत असताना आपला टर्न संपवतो तेव्हाही. मात्र एका टर्नमध्ये हा सेव्ह एकदाच. स्पिरिट गार्डियन्सलाही हाच साचा लावला आहे, त्यामुळे क्लेरिक चालत गेल्याबरोबर डॅमेज देण्याचा आपला निर्णय नव्या पुस्तकाप्रमाणे योग्यच ठरला असता.

पण या बदलात टर्नची ‘सुरुवात’ जाऊन टर्नचा ‘शेवट’ आला आहे, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच निसटते. जुन्या नियमात झोत अंगावर आल्यावर डॅमेज लगेच नाही, पण टर्न सुरू होताच सेव्ह करावा लागत असल्याने ओगरला निसटायला संधीही नाही. नव्या नियमात डॅमेज लगेच, पण नंतर आपल्या टर्नमध्ये तो बाहेर पडला तर दुसऱ्यांदा काहीच नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी समतोल आहेत.

ड्रुइडच्या खेळाडूने मागितले ते या दोहोंचे मिश्रण होते: सरकवल्यावर लगेच एकदा, हे नव्यातले, आणि टर्नच्या सुरुवातीला पुन्हा, हे जुन्यातले. दहा बाजूंच्या २ फाशांची सरासरी ११ येते. मिश्र नियमाने, दोन्ही सेव्ह चुकल्यास, ओगरला एक पाऊल टाकायच्या आत सरासरी २२ डॅमेज बसले असते, आणि एकदा मंत्र टाकला की दर राउंडला नवा स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) न वापरता हे चालू राहिले असते. त्याच दुसऱ्या पातळीचा शॅटर आठ बाजूंच्या ३ फाशांचे, म्हणजे सरासरी साडेतेरा डॅमेज देतो, आणि तेही एकदाच. मूनबीम एकाग्रता मागतो, सरकवायला अख्खी अ‍ॅक्शन मागतो, हे खरे. पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही.

आपल्या प्रसंगात वाद दिसायला ‘सेव्ह आत्ता की नंतर’ असा होता, पण प्रत्यक्षात तो ‘एक सेव्ह की दोन’ असा होता. ओगरचे ९ हिट पॉइंट उरले असते आणि डॅमेज तेच १२ बसले असते, तर तो टर्नच्या सुरुवातीलाच पडला असता, विझार्ड उभाच राहिला असता आणि कदाचित कोणाला शंकाही आली नसती. टेबलावर असा प्रश्न निघाला की मी आधी हे विचारून घेतो, की दोन अर्थांमुळे या क्षणी निकालात काय फरक पडणार आहे. फरक नसेल तर खेळ पुढे न्यावा आणि मजकूर सत्र संपल्यावर उघडावा. फरक असेल तर दोन मिनिटे थांबून वाचावा. कोणाचे तरी पात्र मरणाच्या दारात आहे, आणि त्या खेळाडूला तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. चौकशी केली तेव्हा कळले, की खेळाडूकडे खरोखरच २०२४ चे पुस्तक आहे आणि ‘जागेत सरकतो’ हे शब्द तिने त्यातच वाचले होते. टर्नच्या शेवटाविषयीचे वाक्य तिच्या लक्षात आले नव्हते, आणि तिचे पुस्तक निराळे आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

क्लेरिकच्या वेळी मी चुकलो हे गटासमोर सांगितले. मोहीम संपेपर्यंत दोन्ही मंत्र २०१४ च्याच मजकुराप्रमाणे चालवायचे, असे आम्ही ठरवले आहे. क्लेरिकचा खेळाडू थोडा हिरमुसला, पण शत्रू त्याच्याजवळ आपला टर्न सुरू करतात तेव्हा निसटू शकत नाहीत, हे उदाहरणाने दाखवल्यावर त्याने मान्य केले. विझार्ड दोन डेथ सेव्ह (शून्यावर पडल्यावर जगण्या-मरण्याच्या कसोट्या) साधून तगला आहे.

एक शंका उरली आहे. क्लाउडकिलचा ढग मंत्र टाकणाऱ्याच्या टर्नच्या सुरुवातीला आपोआप १० फूट पुढे सरकतो. त्यालाही हाच नियम लावायचा ना? ढग सरकवायला तिथे कोणी अ‍ॅक्शन वापरत नाही, म्हणून विचारतो.

उत्तर २ देणारे पुन्हा

होय, तोच नियम. ढग कोणी सरकवला की आपोआप सरकला, याने फरक पडत नाही. जीव जागच्या जागी असेल तर तो प्रवेश नव्हे, आणि त्याचा सेव्ह त्याच्या स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला घ्यावा. तिथे आठ बाजूंचे ५ फासे पडतात, त्यामुळे ढग पुढ्यात येऊन ठेपला आहे हे खेळाडूंना वर्णनातून आधीच कळू द्यावे. टर्न सुरू होण्याआधी त्यांच्यापैकी कोणी सोबत्याला ढगातून बाहेर ओढू शकले, तर त्याला सेव्ह करावाच लागणार नाही.