मदत हवी आहे: 'बेक ऑफ'च्या टेक्निकलसारखा जेनोइज, पण तळाशी रबरी थर

'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेची खरी कसोटी टेक्निकल फेरीतच, जिथे सगळ्यांना एकच त्रोटक कृती मिळते. पदार्थ कुणाचा हे परीक्षकांना ठाऊक नसतं, आणि शोस्टॉपरसारखी (भपकेदार पदार्थाची शेवटची फेरी) सजावटीची आडही नाही. तसाच त्रोटक कृतीवरून जेनोइज स्पंज (फेटलेल्या अंड्यांच्या फेसावर फुगणारा केक) करायचा आहे: ४ अंडी, १२५ ग्रॅम साखर, तेवढाच मैदा, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, बेकिंग पावडर अजिबात नाही. अंडी-साखर गरम पाण्याच्या वाफेवर कोमट करून, फेसाची रेघ वर टिकेपर्यंत फेटली. मैदा चाळून तीन भागांत घातला. १८० अंशांवर २५ मिनिटं. स्पंज छान फुगतो, पण तळाशी रबरी थर! लोणी जड, म्हणून खाली बसतं हे उघड आहे. ते आधी दोन डाव मिश्रणात कालवून मग घालावं का? घालताना लोणी कितपत गरम हवं? जास्त ढवळलं तर हवा जाते, कमी ढवळलं तर मैद्याच्या गुठळ्या. नेमकं थांबायचं कधी?