चेरी श्रिम्पसाठी (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी) कॅल्शियम: जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) वाढवायचा, केएच (कार्बोनेट-बायकार्बोनेट) नाही. प्रमाण तपासून हवं आहे

४० लिटरची टाकी, फक्त रेड चेरी श्रिम्प, मासे नाहीत. जावा मॉस आणि स्पंज फिल्टर. पाणी पुण्यातलं नळाचं, क्लोरीन काढून. तापमान २६, पीएच ७.४, अमोनिया-नायट्राइट शून्य. जीएच ३, केएच ४.

अडचण कात टाकताना येते. डोक्यामागे पांढरा पट्टा दिसतो, कवच पूर्ण निघत नाही आणि एक-दोन दिवसांत श्रिम्प मरते. अंडी धरलेली मादीही अशीच गेली, ते फार लागलं. पाणी दर आठवड्याला १० टक्केच बदलते, तांबं असलेलं खत किंवा औषध टाकत नाही.

समुद्रफेसाचा (माकुळाच्या आतल्या पांढऱ्या कवचाचा) तुकडा ठेवून पाहिला. या पीएचला तो फारच हळू विरघळतो, जीएच हलला नाही. अंड्याचं कवच आणि कोरलचा चुरा मुद्दाम टाळलाय, कारण तिन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच; विरघळलं तरी केएच आणि पीएच सोबत चढणार. पालक उकडून देते, पण नुसत्या खाण्यावर भागेल असं वाटत नाही.

आता जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरायचा विचार आहे; यांत कार्बोनेट नाही, म्हणून केएच चढणार नाही. जीएच ३ वरून ६ न्यायला, तीन भाग कॅल्शियममधून आणि एक भाग मॅग्नेशियममधून धरून, ४० लिटरला साधारण २.८ ग्रॅम जिप्सम आणि १.३ ग्रॅम एप्सम असा हिशोब येतो. आरओ घेणं सध्या शक्य नाही.

हा हिशोब बरोबर आहे का? ही वाढ किती आठवड्यांत विभागावी, म्हणजे श्रिम्प धक्क्याने अवेळी कात टाकणार नाहीत? आणि शेतीच्या दुकानातलं जिप्सम चालेल की खाद्य दर्जाचंच घ्यावं?